कट तिरपा जातो म्हणालात, त्याबद्दल

भाऊ, नमस्कार. आमच्या कामाच्या रिव्ह्यूत तुम्ही एक तारा दिला आणि खाली लिहिलं: "टेबलाला उघडझाप होणारी गाइड रेल लावून घेतली. पाच दिवस उशीर, २,८०० रुपये घेतले, चार फुटांत कट ५ मिमी तिरपा, वरून खुणेवरही बसत नाही. नुसता दिखावा." (गाइड रेल म्हणजे प्लाय कापायची मशीन जिच्या कडेने सरळ चालते ती पट्टी.)

उशिराबद्दल माफी मागतो. शुक्रवार सांगितला होता, बुधवारी दिलं. तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी हातात होते, तारीख देतानाच तो हिशोब करायला पाहिजे होता. पैशांचं काही बोलत नाही, यवतमाळहून आणलेल्या ॲल्युमिनियम सेक्शनचं बिल तुम्ही स्वतः पाहिलं आहे.

पण "तिरपा" हा शब्द लागला जी.

टेबल गाडीत चढवायच्या आधी तुमच्यासमोरच १९ मिमी प्लायचा दोन फुटी तुकडा कापला होता. मग एक भाग पालथा केला, दोन्ही भागांची कंपनीतून सरळ कापून आलेली कड एका सरळ फळीला टेकवली आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या. असं केलं की जेवढी चूक असेल त्याच्या दुप्पट फट दिसते. त्या फटीत कागदसुद्धा गेला नव्हता. मग घरी पोचेपर्यंत ५ मिमी आले कुठून?

तुम्हीच फोनवर म्हणाला होता की टेबल दारातून आत जाईना म्हणून रेल खोलून नेली आणि पुन्हा लावली. घोळ तिथे आहे. रेल मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर उचलली जाते. बिजागऱ्यांना ६ मिमीचे चार बोल्ट आहेत आणि भोकं ६.५ मिमीची. ही अर्ध्या मिमीची मोकळीक मुद्दाम ठेवावी लागते, नाहीतर रेल गुनियात, म्हणजे बरोबर काटकोनात, आणताच येत नाही. दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर १०० मिमी. बोल्ट कसेही आवळले आणि एक बिजागरी ०.४ मिमी जरी पुढे राहिली, तर १०० ला ०.४ म्हणजे १२२० मिमीला जवळपास ५ मिमी. तुम्ही लिहिलेला आकडा हाच आहे!

आणि तुमच्याच फोटोत पुढची खाच दिसते. रेलच्या पुढच्या टोकाची १० मिमीची पिन तिच्यात घट्ट बसत होती, आता खाचेच्या कडेला कानशीच्या रेघा आहेत. पिन बसेना म्हणजे रेल वाकडी लागली, हे ती खाच सांगत होती, तर तुम्ही खाचच मोठी केली. आता रेल पुढूनही हलते.

खुणेचं म्हणाल तर रेलच्या कडेची रबरी पट्टी तुमच्या ७ इंची मशीनच्या ब्लेडनेच पहिल्यांदा कापून दिली होती. म्हणून खूण त्या पट्टीला लावली की कट खुणेवर पडतो. फोटोत मशीन दुसरीच आहे. प्रत्येक मशीनचं बेसच्या कडेपासून ब्लेडपर्यंतचं अंतर वेगळं असतं, तेवढा कट सरकणारच.

घरी दुरुस्त करायचं असेल तर बोल्ट फक्त अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. रेल प्लायवर टेकू द्या. कोपऱ्यापासून मागच्या टेक्यावर (प्लाय टेकवतो त्या पट्टीवर) ६०० मिमी, रेलच्या कडेवर ८०० मिमी अशा खुणा करा आणि तिरपं माप बरोबर १००० येईपर्यंत रेल सरकवा. आवळताना एक बोल्ट इकडचा, एक तिकडचा असे थोडे थोडे आवळा. एकच बाजू एकदम आवळली की वॉशर फिरतं आणि बिजागरीला सोबत ओढतं. शेवटी पालथ्या तुकड्याची तपासणी पुन्हा करा. १२ मिमीची प्लाय कापताना मागच्या उभ्या खाचेतून रेल खालीही घ्या, ती १९ वर ठेवली तर मधे झोल पडतो.

एक गोष्ट मान्य आहे. गुनिया जमल्यावर प्रत्येक बिजागरीतून ५ मिमीचं भोक पाडून पिन ठोकली असती, तर खोलूनही रेल त्याच जागी बसली असती. ते केलं नव्हतं. यापुढे करत जाऊ, तारखाही जमेल तशा सांभाळून देऊ. बिजागऱ्या २०० मिमी अंतरावर लावल्या असत्या तर फरक निम्मा झाला असता, पण तुम्ही घरी बनवलेल्या टेबलाची मागची पट्टी तेवढी रुंद नव्हती. हेही तेव्हाच सांगितलं होतं.

गावाकडे काम तोंडातोंडी मिळायचं, आता लोक आधी फोनवर तारे मोजतात. तुमचा तारा तुमच्याजवळ, काढा म्हणत नाही. टेबल आणा, खाचेची पट्टी नवीन टाकून पिना ठोकून देतो, पैसे नको. फक्त येताना तुमचीच मशीन आणा, ही फोटोतली नको.