उताराचे पैसे नाहीत

इंदूरचा सराफा रात्री खाऊगल्ली होतो. तिथे साडेअकराला माणसाने तोंड फक्त खाण्यासाठी उघडावं. मी बोलण्यासाठीही उघडलं. डिसेंबरची थंडी, तळलेल्या गराडूच्या कंदावर लिंबू आणि जिरावण मसाला, भोवती शाळेतले चार मित्र. अशा वेळी इंदूरच्या माणसाला आपण काहीही करू शकतो असं वाटतं. मी म्हणालो, "मी सायकलने कन्याकुमारीला जाणार." कुणी हसलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कशासाठी?" आणि मी गडबडून म्हणालो, "डायलिसिससाठी."

"तुला कधी झालं?"

"मला नाही रे. लोकांच्या. वर्गणी जमवायची."

हे अगदीच हवेतून आलं नव्हतं. लोकमान्य नगरात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास ते त्या मशीनपाशी बसतात. तिथे ओळखीच्या झालेल्या पेशंटांपैकी कोण पैशांअभावी तीनऐवजी दोनदाच येतो, कोण येतच नाहीसा झाला, हे ते संध्याकाळी कुंपणावरून सांगत. ते कुठेतरी डोक्यात होतं. गराडूने बाहेर काढलं, इतकंच. सकाळपर्यंत चौघांनी ग्रुप काढला होता, त्यावर माझा २०१४ सालचा बारीक असतानाचा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'भारतभर सायकल'.

पहिली भानगड त्या 'भारतभर'ने केली. इंदूर पडलं देशाच्या मधोमध. इथून कुठल्याही दिशेने निघा, फार तर अर्धा देश होतो. पूर्ण करायचा तर आधी मालवा एक्स्प्रेसने सायकल वर जम्मूकडे, वैष्णोदेवीच्या कटऱ्याला न्यायची, तिथून ती चालवत परत इंदूरला यायचं आणि घरावरून पुढे जायचं. पंधरा-वीस दिवस सायकल हाणून माणूस आपल्याच गल्लीच्या तोंडाशी आला, की तो पुढे जाईल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, बंगळूर, मदुराई असा दक्षिणेचा रस्ता ठरला. सुमारे २,१०० किलोमीटर. आई म्हणाली, "म्हणजे अर्धाच?" एका मित्राने ताबडतोब वर्गणीही अर्धी केली.

वर्गणीची पद्धत किलोमीटरमागे रुपया अशी होती. कुणी आठ आणे, कुणी रुपया. सर्वांत मोठे दाते निघाले बायकोचे काका, किलोमीटरला पाच रुपये. काका ग्वाल्हेरला एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कचेरीत होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्यातलं ऑडिट काही निवृत्त झालेलं नाही. लग्नात त्यांनी आहेराची यादी दोनदा ताडून पाहिली होती. पाच रुपये जाहीर केल्यावर तासाभरात त्यांचा फोन आला.

"जावईबापू, एक बारीकशी शंका. उताराचे पैसे धरायचे नाहीत ना?"

"काका, किलोमीटर तो किलोमीटर."

"तसं कसं? आता बघा, तुमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं. जलूदहून सत्तर किलोमीटर, पंपांनी वर चढवत. १९७८ पासून. वीजबिल येतं ते चढवण्याचं. तेच पाणी इंदूरहून खाली जलूदला सोडलं तर बिल कुणी द्यायचं?"

मी निरुत्तर झालो. रात्री बारा वाजता उत्तर सुचलं, की परतीला मीही चढूनच येणार आहे. पण परतीचं तिकीट रेल्वेचं होतं, आणि ते काकांनीच काढलेलं होतं.

"पेडल मारलेलं धरीन," अशी सवलत त्यांनी शेवटी दिली.

तयारीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सरावासाठी एक ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी केली. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. शर्यत घड्याळाशी, माणसांशी नाही. मला चौदा तास दहा मिनिटं लागली. त्यातली पन्नास मिनिटं मी देवासला कचोरी खात होतो, हे अजून घरी सांगितलेलं नाही.

मग सायकलची चड्डी आली. तिला आतून गादी शिवलेली असते आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही असा नियम आहे. हा नियम बायकोला समजावताना माझा आवाज जरा चढला आणि कुंपणापलीकडच्या काकूंनी लसूण सोलणं थांबवलं. आईने ती चड्डी दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "या गादीला ऊन दाखवायचं का?" दाखवलं. गच्चीवर, पापडांच्या शेजारी.

सायकलचं वजन कमी करायला मी काय काय केलं होतं! साधा बाटलीचा स्टँड काढून कार्बनचा बसवला. चाळीस ग्रॅम वाचले. किंमत सांगत नाही. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू मेथीचे लाडू घेऊन आल्या. दोन किलो. स्टीलच्या कडीच्या डब्यात. डब्यावर काकूंचं माहेरचं नाव कोरलेलं, खाली तारीख १२-५-७८.

"काकू, पिशवीत देता का? डबा जड होतो."

"पिशवीत भुगा होईल. आणि डबा परत आण हो, आईचा आहे."

मागोमाग आईची किलोभर शेव. "आई, रस्त्यात शेव मिळते."

"मिळते. आपली मिळत नाही."

सगळ्यात शेवटी आजोबा आले. हातात काही नव्हतं. सायकलभोवती एक चक्कर मारून त्यांनी बाटल्यांवर बोट ठेवलं. "किती पाणी पितोस दिवसाला?"

"चार-पाच लिटर लागेल."

"बापरे." त्यांना दिवसाचं लिटरभर, तेही मोजून, औषधं गिळायला लागतं ते धरून. उन्हाळ्यात ते तोंडात बर्फाचा खडा धरून बसतात. "खलघाटला नर्मदा लागेल ना, तिथे एक बाटली माझ्या वाटची पी. गटागटा पी, घोट घोट नाही," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला राजवाड्यावर झेंडा दाखवायचा होता. पाहुणे सात वाजून दहा मिनिटांनी आले. तोवर मी अहिल्याबाईंच्या पुतळ्यासमोर त्या गादीच्या चड्डीत उभा, आणि सकाळी फिरायला आलेला प्रत्येक माणूस "कां जा रिये हो भिया?" विचारून पुढे जात होता. पाहुण्यांनी भाषण केलं. अहिल्याबाईंनी काशीला विश्वनाथाचं देऊळ बांधलं, गयेला बांधलं, सोमनाथला बांधलं, देशभर घाट-धर्मशाळा उभ्या केल्या, आणि हे सगळं महेश्वरच्या गादीवर बसून केलं, त्याच परंपरेतलं आजचं हे पाऊल, वगैरे. "बघ," बायको माझ्या कानाशी म्हणाली, "गादीवर बसूनही करता येतं."

मग कुणीतरी हौसेने झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. परातभर. फोटो निघाले, टाळ्या झाल्या, झेंडा हलला, मी पेडलवर पाय ठेवला, आणि समोर झाडू घेऊन एक बाई उभ्या राहिल्या. महापालिकेचं जाकीट, कमरेवर हात.

"भिया, ये कौन उठाएगा?"

२०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. पाहुणे वाकले. मित्र वाकले. मीही वाकलो. सायकलच्या बुटांना खाली पत्र्याची पट्टी असते, त्यामुळे फरशीवर मी बकरीसारखा टक टक करत पाकळ्या गोळा करत होतो. एकाने त्या चहाच्या कागदी कपांबरोबर एकाच डब्यात टाकल्या, तर बाईंनी त्याला बोलावून कप परत काढायला लावले. "गीला अलग, सूखा अलग." निघायला आठ वाजले.

पुढचा प्रवास माझ्या एकट्याचा राहिला नाही, कारण मोबाइलवर माझा ठिपका सगळ्यांना दिसत होता. महूनाक्याच्या सिग्नलला थांबलो तर आईचा फोन, "पडलास का?" राजेंद्रनगरात पोह्यांच्या गाडीपाशी थांबलो तर चौघांचे मेसेज, 'ठिपका हलत नाही.' वाफेवरचे पोहे, वर शेव, बाजूला जलेबी. अशा ठिकाणी कुठला ठिपका हलेल? राऊला मागचं चाक बसलं. पाठीवर 'डायलिसिससाठी सायकल' असं फडकं सेफ्टी पिनांनी लावलं होतं, त्यातलीच एक पिन टायरमध्ये. पंक्चरवाल्याने माझ्या बारीक व्हॉल्वकडे खेदाने पाहिलं. "इसमें हवा नी जाती भिया, नली ही पतली है." शेवटी ट्यूब मीच बदलली. लाडवांचा डबा उतरवताना तो म्हणाला, "इसमें क्या है, बैटरी?"

दुपारी मानपूर मागे पडलं. तिथे माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो. हवा गरम लागायला लागली, सायकल आपोआप धावायला लागली. कुठलाही शहाणा सायकलवाला अशा वेळी पाय सैल सोडतो आणि देवाचे आभार मानतो. मला काका आठवले. किलोमीटरला पाच रुपये. मी पेडल मारायला लागलो. पण इतक्या वेगात पेडल नुसतंच गरागरा फिरतं, काही लागत नाही. तेव्हा दोन्ही ब्रेक आवळले आणि दम लावून मारत राहिलो. शेजारून एक ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत उतरत होता. ड्रायव्हर खिडकीतून बराच वेळ बघत राहिला.

"भिया, ब्रेक जाम हो गए क्या?"

पायथ्याशी पोहोचलो तेव्हा ब्रेकमधून करपल्याचा वास येत होता आणि घाट चढून आल्यासारखी माझी छाती भरली होती. झाडाखाली बसून आधी काकांना फोन लावला.

"काका, सगळा घाट पेडल मारत उतरलो. एक किलोमीटरही फुकट नाही."

पलीकडे कागदाचा आवाज झाला.

"वेग फार कमी दिसतोय उताराला. ब्रेक दाबून मारलंत?"

खोटं बोलवेना. "हो."

"मग ते श्रम नव्हेत, जावईबापू. तो अपव्यय." पेन चालल्याचा आवाज. "आक्षेप नोंदवून ठेवतोय. नर्मदा ओलांडलीत की उत्तर पाठवा. लेखी."