टेगसचं पाणी आणि जायकवाडीची पंधरा ऑक्टोबर

पैठणच्या जायकवाडी धरणात वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, आमच्या हक्काचं पाणी द्या. दुसरा, नगर-नाशिकचे पुढारी ते देऊच देणार नाहीत. दोन्ही खरे आहेत आणि दोन्हींनी आमच्या चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, पाणी येत नाही. मध्यंतरी एका ग्रुपवर मी युरोपातल्या नद्यांच्या करारांबद्दल चार ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर आलं, "सर, कामून तिकडचं सांगायलेत? त्यांच्याकडं पैसा हाय, पाऊस हाय." म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा आला तर सोडून द्या, पण शेवटी बाभळी बंधाऱ्याचा भाग आहे तेवढा वाचा.

पावसाचं म्हणाल तर स्पेनचा दक्षिण भाग बघावा. आपल्यासारखीच कोरडी जमीन, आपल्यासारखीच धरणांवर सगळी भिस्त. स्पेनमधून एकूण पाच नद्या पोर्तुगालकडे जातात. म्हणजे स्पेन वरचा आणि पोर्तुगाल खालचा. टेगस ही त्यातली मोठी नदी, थेट लिस्बनपर्यंत जाणारी. १९९८च्या नोव्हेंबरात या दोन देशांनी आल्बुफेरा या गावी करार केला. टेगसमधून स्पेनने वर्षाला किमान २,७०० दशलक्ष घनमीटर पाणी सरहद्दीपलीकडे जाऊ द्यायचं असं त्यात ठरलं. आपल्या हिशेबात हे साधारण ९५ टीएमसी (अब्ज घनफूट). जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, मृतसाठ्यासकट (तळाचं न वापरता येणारं पाणी धरून) काठोकाठ भरला तरी १०२ टीएमसीच्या आसपास जातो, यावरून अंदाज करा. स्पेनमध्ये दुष्काळ पडला तर बंधन सैल होतं, पण पाऊस किती कमी झाला म्हणजे दुष्काळ धरायचा तेही करारातच लिहिलेलं. दुष्काळ आहे की नाही हे मुंबईत बैठक घेऊन ठरत नाही, एवढाच माझा मुद्दा.

आता स्पेन काही संत नाही. त्यांचं पाण्याचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. २०१९ साली वर्षाचा आकडा पुरा करायचा राहिला होता, म्हणून शेवटी शेवटी सरहद्दीवरच्या सेदिल्यो धरणातून एकदम पाणी सोडलं. जलाशय खाली गेला आणि त्याला मिळणाऱ्या पोंसुल आणि सेव्हेर या उपनद्यांची पात्रं उघडी पडली. तिथल्या काठावरच्या लोकांनी बोंब मारली ती बरोबरच होती. कागदावर हिशेब चोख, नदीचे हाल. आपल्याकडच्या साहेब लोकांना ही युक्ती शिकवायची गरज नाही, मार्चअखेरची बिलं काढताना ती त्यांना उत्तम जमते. पण पोर्तुगालने वार्षिक आकड्यावर समाधान मानलं नव्हतं. दहा वर्षांचा अनुभव घेऊन २००८ साली दोघांनी करार बदलला आणि तिमाहीचे, आठवड्याचे किमान आकडे घातले. ते किमान आकडे कमी पडतात, हे २०१९ने दाखवलं, म्हणून भांडण पुढे चालू राहिलं. पण ते भांडण आकड्यावरचं आहे. पाणी द्यायचं की नाही, यावरचं नाही.

या सगळ्याच्या पाठीमागे युरोपीय संघाचा २०००चा पाण्याचा कायदा आहे. त्यात नदीचं अख्खं खोरं एक धरतात, मग त्यात किती का देश येईनात. डॅन्यूबच्या खोऱ्यात एकोणीस देश येतात! दर सहा वर्षांनी खोऱ्याचा आराखडा नव्याने करायचा, आणि पाणी किती याच्याबरोबर पाणी कसं आहे हेही त्यात मोजायचं. सगळ्या नद्या-तळी २०१५पर्यंत चांगल्या स्थितीत आणायचं ठरलं होतं. झालं नाही. मुदत २०२७पर्यंत ढकलली, आणि त्यांच्याच पर्यावरण संस्थेच्या २०२४च्या अहवालात पर्यावरणाच्या कसोटीवर चांगलं ठरलेलं भूपृष्ठावरचं पाणी ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे तिकडेही मुदती चुकतात. फरक असा की त्यांना चुकलेला आकडा छापावा लागतो. आणि कधीकधी पैसेही भरावे लागतात. सांडपाणी शुद्ध न करता सोडतात म्हणून २०१८ साली युरोपीय न्यायालयाने याच स्पेनला १ कोटी २० लाख युरोंचा दंड केला, आणि काम पुरं होईपर्यंत दर सहा महिन्यांना आणखी वेगळा.

आता आपल्या घरात या. इथे दोन देश नाहीत, दोन राज्यंही नाहीत. एक मुख्यमंत्री, एक जलसंपदा खातं. समन्यायी वाटपाचं कलम असलेला राज्याचा कायदा २००५चा. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं ते सांगणारा मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३चा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश २०१४चा: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. उच्च न्यायालयाने २०१६ साली तोच कायम ठेवला. तारीखही आहे आणि टक्केवारीही. तरी २०२३ साली काय झालं ते आठवा. ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला ३० ऑक्टोबरला. मग मोर्चे, निवेदनं, कोर्ट. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली तेव्हा कुठे नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात पाणी सुटलं. तोवर नदीचं पात्र कोरडं पडतं, सोडलेल्यातलं कितीतरी वाटेतच मुरतं, काठावरच्या मोटारी आणि केटी (कोल्हापुरी) बंधाऱ्यांच्या फळ्या पाणी अडवतात ते वेगळंच. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. आम्ही परभणीकडचे, त्याच्या टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे. तिथं पोचेपर्यंत हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ निघून गेलेली असते.

वरच्या शेतकऱ्याला मी शिव्या देणार नाही. नगरकडे मुळा-प्रवरा नद्यांवर ज्याने रब्बीची तयारी केली, त्याला दिवाळीच्या तोंडावर कळतं की धरणातलं पाणी खाली जाणार. तोही रस्त्यावर येणारच. त्याला जूनमध्येच माहीत असायला हवं की पाऊस इतका झाला तर माझ्या धरणातून इतकं जाणार, अमुक आठवड्यात जाणार. मेंढेगिरी समितीने वेगवेगळ्या पावसाच्या वर्षांसाठी तक्ते करून ठेवले होते. तक्ता बघायचा आणि दरवाजा उचलायचा एवढं काम. पण आपण मध्ये बैठक घालतो, आणि एकदा बैठक आली की पुढारी येतो. आता याच नियमाचा फेरविचार करणाऱ्या मांदाडे समितीने ६५ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस केली आहे. सगळी चर्चा त्या सात टक्क्यांवर चालली आहे आणि मराठवाड्याने त्याला विरोध केलाच पाहिजे, मीही करतो. पण टक्केवारी ६५ ठेवली आणि पाणी नोव्हेंबरअखेरच सुटणार असेल तर टेलवाल्याला त्याचा उपयोग काय, हे विचारायला कोणी तयार नाही.

आणि आता बाभळी. आपण सदानकदा खालचे म्हणून रडतो, पण नांदेडच्या पुढे आपण वरचे आहोत. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा बांधला तेव्हा पलीकडून, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातून (आताच्या तेलंगणातून), हाच आरडाओरडा झाला होता. २०१० साली चंद्राबाबू नायडू बंधारा बघायला निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली, ते आठवत असेल. शेवटी २८ फेब्रुवारी २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. एरवी बंद. १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. देखरेखीला केंद्रीय जल आयोगाचा माणूस आणि दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी. तेव्हापासून १ जुलैला सगळ्यांसमोर चौदा दरवाजे वर जातात, पेपरात चार ओळींची बातमी येते, संपलं.

आपल्या नांदेडच्या शेतकऱ्यांना हा निकाल काचतो, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. १ जुलैला कित्येकदा पाऊसच नसतो, तरी अडवलेलं सोडावं लागतं. २८ ऑक्टोबरनंतर नदीला येवा (वरून येणारं पाणी) राहत नाही, बंधारा भरणार कशाने? स्पेनच्या ३० सप्टेंबरसारखीच ही आंधळी तारीख आहे. ती बदलून घ्यायला हवी, पावसाशी जोडायला हवी. पण बघा, दोन राज्यांमध्ये जे दरवर्षी बिनबोभाट होतं ते एका राज्यात होत नाही. कारण बाभळीला आकडा आहे, तारीख आहे आणि दरवाजापाशी तिसरा माणूस उभा आहे. जायकवाडीला आकडा आणि तारीख आहे, पण तिसरा माणूस नाही. वरची धरणंही जलसंपदाचीच, खालचंही जलसंपदाचंच, आणि त्या खात्याचा मंत्री कोणत्या तालुक्यातला हे ज्याच्या-त्याच्या नशिबावर.

एक गोष्ट अडचणीची आहे, तरी लिहितो. तेलंगणाला आपण १ मार्चला ०.६ टीएमसी मोजून देतो, पण ते कसलं देतो? नांदेडचे नाले गोदावरीत येतात हे शहरातल्या पोरालाही ठाऊक आहे. संभाजीनगरची खाम नदी शहराची घाण घेऊन गोदावरीला मिळते, म्हणजे ज्या पाण्यासाठी आपण पैठणला मोर्चा नेतो त्यात आपलीच भर. टीएमसीत सगळं मोजायची सवय लागल्यामुळे घाणीचा आकडा कुणी मागत नाही. नगर-नाशिकच्या साखर कारखान्यांवर बोट दाखवणं सोपं आहे, आणि दाखवावंही. पण उद्या निजामाबादच्या लोकांनी बाभळीच्या पाण्याचा नमुना काढून कोर्टात ठेवला, तर आपली बाजू कोण मांडणार आहे?

मला पुढच्या निवेदनासाठी माहिती हवी आहे. डाव्या-उजव्या कालव्यावरच्या मंडळींनी खाली एवढंच लिहा: गाव, चारी, आणि मागच्या रब्बीत कालव्याच्या पाण्याची पहिली पाळी कोणत्या तारखेला आली. "आलीच नाही" असेल तर तसं लिहा. पुढाऱ्यांच्या नावाने शिव्या लिहू नका, त्या मला पाठ आहेत.