ओतिराचा पूल आणि शिरोळचा भराव

मी राहतो त्या न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चहून पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रेमाउथला जायचं तर जवळचा रस्ता आर्थर्स पास ओलांडून जातो. आधी कँटरबरीचं सपाट मैदान, मग ९२० मीटर उंचीची खिंड, मग उतार. रस्ता अजून दोन पदरीच आहे. काही पूल तर एकेरी, समोरचा येईपर्यंत थांबायचं. ओतिराच्या उतारावरची जुनी वळणं मात्र ढासळत्या दगडांतून जायची. तेवढाच तुकडा सोडवायला १९९९ मध्ये ४४० मीटरचा पूल खांबांवर उभा केला. बाकी रस्ता बराचसा जुनाच.

हे मी दादाला फोनवर कौतुकानं सांगत होतो. दादा शिरोळ तालुक्यात ऊस करतो. पवनार ते पत्रादेवी अशा ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीत त्याचा तालुका होता. नागपूर-गोवा अठरा तासांवरून आठ तासांवर येणार म्हटल्यावर मला आधी आनंदच झाला होता. दोन वर्षांतून एकदा गावी येणाऱ्याला घड्याळ आधी दिसतं, सातबारा नंतर.

दादाची चिंता निराळी. "पैसं मिळतील रं, पण भरावानं पाणी तुंबलं तर?" २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. तिथं नवा रस्ता खांबांवर किती आणि भरावावर किती, हे मोजणीच्या आधी सांगायला काय हरकत आहे? शिवाय रत्नागिरी-नागपूर महामार्ग तुळजापूर, लातूर, नांदेडवरून आहेच. कोकणात उतरताना त्याचा नाजूक भाग म्हणजे आंबा घाट. २०२५ च्या अंदाजानं ८६ हजार कोटींच्या घरातल्या नव्या रस्त्याआधी त्या घाटाचा ओतिरा करावा, असं माझं मत.

तुलना पुरती जुळत नाही, कबूल. इथल्या अख्ख्या पश्चिम किनाऱ्याची वस्ती तेहतीस-चौतीस हजार. आपला एक तालुका त्याहून कितीतरी मोठा.

तरी मी दादाला इथला १९८१ चा कायदा सांगितला: सरकारी कामासाठी घेतलेली जमीन नको झाली, तर साधारणपणे आधी मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला देऊ करायची. मग इथल्या रॅग्लन गावाचंही सांगावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात माओरींची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, जमीन धावपट्टीसाठी घेतली, आणि पुढे तिच्यावर गोल्फचं मैदान झालं. भांडून भांडून ती १९८० च्या दशकात परत मिळाली.

"म्हंजे तिकडंबी तसंच हाय की," दादा म्हणाला. तेवढ्यात तिकडं लाईट आली आणि तो मोटर चालू करायला गेला.