दादा, क्यूआर कोडची लाज कसली?

सांगलीचा माझा मावसभाऊ परवा फार चिडला. तिथल्या काही मुलामुलींनी प्रायोगिक नाटकासाठी इन्स्टाग्रामवर क्यूआर कोड टाकून शंभर-शंभर रुपये मागितले. ‘नाट्यपंढरीच्या पोरांनी असा हात पसरायचा?’ दादाचा मेसेज नात्यातल्या ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. त्याचं म्हणणं, कलेला राजाश्रय हवा. राजे नाहीत तर सरकारने बघावं.

सांगलीकराने तरी हे बोलू नये. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, मान्य. पण १८५१मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला आणि मंडळी दौऱ्यावर निघाली. १८५३मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ झाले ते तिकीट लावून. म्हणजे अनोळखी माणसांच्या पैशांवरच ना? आणि ‘मंथन’? १९७६चा सिनेमा, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले. स्मिता पाटीलमुळे दादा आजही त्यावर हळवा होतो, पैसे कुणाचे ते सोयीने विसरतो.

इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये असल्या मागणीला कुणी नाक मुरडत नाही. कुणाला रेकॉर्ड काढायची असते, कुणाला चित्रांचं पुस्तक. स्टार्टनेक्स्ट नावाच्या वेबसाइटवर लोकांकडे पैसे मागतात, ठरलेली रक्कम जमली नाही तर पैसे परत. ‘श्ट्रोम्बेर्ग’ सिनेमासाठी २०११च्या डिसेंबरात आठवडाभरात दहा लाख युरो जमले होते, तेही मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. तो ज्या टीव्ही मालिकेवरून काढला ती आधीच गाजलेली होती, हे लिहिलं नाही. इथला ऑपेरा कराच्या पैशावर उभा आहे, हेही नाही. दादाला आयता मुद्दा कशाला द्या?

त्याने नेमकं विचारलं, ‘तू कुणाला देतेस?’

देते. कोकणातल्या जुन्या घरांचे आणि स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाला, महिन्याला पाच युरो. शेवटी वर्गणीदारांची नावं सरकतात, त्यात माझं येतं. कधीकधी तेवढंच बघते. मध्ये त्याने रस्त्यासाठी तोडलेल्या झाडांवर एक भाग केला. मला तो पुरा बघवला नाही. पुढच्या वेळी स्वारी मुकाट्याने फणसाच्या भाजीकडे वळली. आम्हा बाहेरच्यांना काय रुचतं, ते आकड्यांवरून त्याला कळलं असणार. छोट्या वर्गणीत काही खोट असेल तर ती इथे आहे, मागण्यात नाही. पूर्वी राजाची मर्जी सांभाळायची, आता आमची. आणि आम्हाला हवा असतो आम्ही विमानात बसलो त्या दिवशीचा महाराष्ट्र, एकही झाड न तुटलेला.

सांगलीच्या मुलांचं नाटक ऊसतोड मजुरांवर आहे म्हणे. आईच्या यूपीआयवरून मी त्यांना हजार पाठवले, त्यातले निम्मे दादाच्या नाकावर टिच्चून. त्याने अजून एक रुपया दिलेला नाही. पण पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत बसणार तोच, पास मागून. आणि नाटक कसं झालं, ते मला त्यालाच विचारावं लागणार.