‘शाळा शिकायला आहे, राबायला नाही’ या मेसेजला उत्तर

दिवाळीच्या सुट्या संपल्या, नाल्यावर वनराई बंधारे, म्हणजे गोण्यांचे कच्चे बांध, घालायचे दिवस आले, की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: नववी ते बारावीच्या मुलांकडून श्रमदान, सर्वेक्षण करून घेणं ही बालमजुरी आहे, सक्तीची सेवा संविधानाविरुद्ध आहे, अभ्यास बुडतो, परदेशात असली थेरं नाहीत, आणि खेड्यातली पोरं घरी राबतातच, मग शाळेत आणखी कशाला? पाचव्या मुद्द्यात दम आहे. बाकीचे आधी निपटून घेऊ.

‘बालमजुरी.’ १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे आणि १४ ते १८ वयाच्यांना धोक्याच्या कामांत घेता येत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती भरून त्या नाल्यात रचणं यात कोणी मालक नाही, कोणाचा धंदा नाही. पण संस्थाचालकाच्या वावरात तूर सोंगायला पोरं नेली, तर ती मजुरीच. तिथं खुशाल तक्रार करा. आणखी एक. बंधाऱ्याचं पाणी आधी काठावरच्या वावरांतल्या हरभऱ्याला मिळतं. त्या वावरांचे धनी फावडं घेऊन आले नसतील, तर पोरांनी तरी का जावं, हा प्रश्न शाळेला जरूर विचारावा.

‘संविधानाविरुद्ध.’ मेसेज लिहिणाऱ्यानं अनुच्छेद २३ अर्धाच वाचलेला दिसतो. पहिल्या खंडात वेठबिगारीला मनाई आहे. दुसऱ्या खंडात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला दिली आहे. फक्त धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करायचा नाही. आपल्याकडे पाहायचं ते हेच. संडास धुवायची पाळी कोणत्या मोहल्ल्यातल्या पोरांवर येते? झाडू पोरींच्याच हाती आणि पोट्टे मैदानावर, असं का? त्या यादीत लिंगाचा उल्लेख नाही, म्हणून शाळेला सूट मिळत नाही. मुख्याध्यापकाच्या पोराचंही नाव पाळीच्या तक्त्यात असेल, तर माझी हरकत नाही.

‘अभ्यास बुडतो.’ राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिच्यात वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. ती अकरावीपासून पुढे, आणि नाव नोंदवणाऱ्यांनाच. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषयच आहे. त्यासाठी नाला पाहायला जाणं हा अभ्यासच झाला. बुडतो तो कापूस वेचणीच्या हंगामात, वर्ग अर्धा रिकामा असतो तेव्हा. त्यावर मेसेज फिरत नाही.

परदेशाचं म्हणाल, तर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ४० तास समाजकार्य केल्याशिवाय शाळेचा डिप्लोमा मिळत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची अट ७५ तासांची. आणि आपण वर्ध्यापासून किती लांब आहोत? हातकामातून शिक्षण हा विचार तिथल्याच परिषदेत, ऑक्टोबर १९३७ मध्ये मांडला गेला. कोठारी आयोगानंही पुढे (१९६४-६६) शिक्षणात समाजसेवा असावी, असं सांगितलं.

आता पाचवा. खेड्यातली पोरं राबतात, हे खरं आहे. सकाळी गुरं, सुट्टीत वेचणी, उन्हाळ्यात हापशीवर पाण्याचे गुंड घेऊन रांग. शाळेनं त्यांना पुन्हा टोपलं-फावडं दिलं तर त्यात नवं काही नाही, उलट चीड येते. इथवर मी मेसेजशी सहमत आहे. पण म्हणून सेवाच काढून टाका, हे कुठून आलं? काम बदला. पोरांना लिहिता-मोजता येतं, तेच गावाला कमी पडतं. दर पंधरा दिवसांनी गावातल्या चार विहिरींत दोर सोडून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहा. पाऊस मोजा. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट चालवायला गावातल्या पाच बायांना शिकवायची सोय आहे. त्यांच्यासोबत बसा, फ्लोराइड-नायट्रेटचे आकडे भिंतीवर लावा. यवतमाळकडच्या फ्लोराइडच्या गावांत कोणत्या हापशीचं पाणी प्यायचं नाही, हे भिंतीवरच दिसलं पाहिजे. म्हाताऱ्यांचे निराधार योजनेचे अर्ज भरून द्या.

यातही चोरी होतेच. दुकानातून तयार प्रकल्प आणायचा, वहीत उतरवायचा, गुरुजींनी न वाचता सही करायची. असल्या सेवेपेक्षा गणिताचा जादा तास परवडला. खरे आकडे मात्र खोटे आकडे लगेच उघडे पाडतात: मे महिन्यात विहीर आटली आणि वहीत पाणी वीस फुटांवर, हे अख्ख्या गावाला कळतं.

तीच वही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवा. टँकरचा किंवा विहीर अधिग्रहणाचा (कोणाची खासगी विहीर गावासाठी घेण्याचा) प्रस्ताव घेऊन सरपंच तहसीलला जातील, तेव्हा ‘पाणी कमी आहे’ एवढंच तोंडी सांगण्याऐवजी नोव्हेंबरपासूनची पातळी पुढे ठेवता येईल.