गाडी नार्व्याच्या धक्क्यावर ठेवा

डिसेंबर लागला की आमच्या बेळगावात घरोघरी एकच विचारणा सुरू होते, "गोव्याला कधी जायचं?" शनिवारी संध्याकाळी चोर्ल्यातनं गाड्यांची रांग लागते, कळंगुट-बागा होतं, रविवारी रात्री सगळे परत. ज्याला ते आवडतं त्यानं जरूर जावं. मी मात्र गेले चार हिवाळे गोव्यातल्या दुसऱ्याच जागी जातोय आणि तिथं जाऊन फक्त चालतोय. ती जागा म्हणजे मांडवी नदीतलं दिवाडी बेट. यंदा बाबांना घेऊन गेलो, म्हणून लिहावंसं वाटलं.

वाट आपलीच आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला उतरून साखळी, डिचोली आणि मग नार्वे. पहाटे साडेचारला येळ्ळूर सोडलं. जांबोटीच्या पुढं धुकं इतकं, की समोरच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. घाट उतरल्यावर हवा एकदम दमट झाली आणि बाबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. नार्व्याला पोचलो तेव्हा नदीवर कोवळं ऊन पडलं होतं. गाडी धक्क्यापाशी लावली, डबा पिशवीत घेतला आणि चालतच फेरीबोटीत चढलो. बोटीत दोन शाळकरी पोरं, पावाची टोपली सायकलला बांधलेला एक माणूस, चार-पाच दुचाक्या. पाच मिनिटांत पलीकडं.

बोटीत चढण्याआधी अलीकडचं सप्तकोटीश्वराचं देऊळ बघून घ्या. मूळ देऊळ दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, लोकांनी देवाला नदीपार आणलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथं देऊळ बांधून घेतलं. दारावर तसा शिलालेख आहे. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत, आणि हेच कदंब आमच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीवरनंही राज्य करायचे, हे किती जणांच्या ध्यानात असतं? हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ त्यांच्याच काळातलं. दिवाडीवर जुन्या देवळाच्या जागेजवळची जांभ्याची तळी अजून आहे. तिच्या पायरीवर बसलो की मला हलशी आठवते. तोच काळवंडलेला दगड, तशीच शांतता.

आणि नदीचं काय सांगू! बेटाला वेढा घालून वाहणारी ही मांडवी म्हणजे आपली म्हादई. खानापूर तालुक्यात देगावजवळ, भीमगडच्या जंगलात ती उगम पावते. लहानपणापासून मी तिचं नाव फक्त पाणीवाटपाच्या भांडणाच्या बातम्यांत ऐकत आलो. लवाद, टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी), मोर्चे, बंद. ती समुद्राला मिळायच्या आधी कशी दिसते, हे मी वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा बघितलं आणि वाटलं, अरे, घरचं माणूस इतकी वर्षं आपण बघितलंच नव्हतं.

दिवाडीवर चालायला थंडीच हवी. पावसात बांध चिखलानं भरलेले असतात आणि मार्चनंतर ऊन सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत बांध सुकलेले, भात कापून झालेलं आणि सकाळी दहापर्यंत अंगावर शाल चालते. नार्व्याकडनं निघून माळार, मग पियेदादची टेकडी आणि तिथनं खाली जुन्या गोव्याच्या फेरीपर्यंत आम्ही रमतगमत गेलो. टेकडीवरच्या चर्चपाशी उभं राहिलं की खाली शेतं, खारफुटी, नदी आणि पल्याड जुन्या गोव्याची पांढरी चर्चं एका नजरेत येतात. सेंट झेवियरच्या फेस्ताला नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडचे कितीतरी ख्रिस्ती भाविक बेळगाव-खानापूरहून तिथवर चालत जातात. चालत गोव्याला जायची रीत आपल्या भागात आहेच की.

बाबांचं लक्ष मात्र देवळा-चर्चपेक्षा शेतात. त्यांचं सारं आयुष्य येळ्ळूरच्या शिवारात बासमती लावण्यात गेलं. खाजन जमिनीच्या बांधावर आल्यावर ते थांबलेच. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, बांध फुटला तर सगळं खारं पाणी आत, असं मी सांगत होतो. त्यांनी वाकून चिमूटभर माती घेतली आणि जिभेला लावली.

"खारट हाय की रं ही! ह्यात भात पिकतंय?"

शेजारी एक आजी गवत कापत होत्या. त्यांना बाबांचं बोलणं बरोबर कळलं. म्हणाल्या, "पावस पडलो म्हण्टकच खार धुवन वता." पहिल्या पावसानं मिठाचा अंश धुऊन गेला की पेरायचं आणि जात लावायची ती खार सोसणारी, कोरगुट. मग बाबा आणि त्या आजी, एक मराठीत, एक कोकणीत, पाऊण तास बोलत होते. मध्ये मी एक शब्दही बोललो नाही.

पुढं मानस बघितली. बांधात बसवलेलं लाकडी दार. ओहोटी लागली की शेतातलं पाणी दार ढकलून नदीत जातं, भरती आली की नदीचंच पाणी दार दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि दाराच्या फटीतनं पाणी फेसाळत बाहेर पडत होतं. तोंडाशी जाळं लावलं होतं, त्यात बोटभर लांबीची मासळी उड्या मारत होती. पाण्याचा जोर कमी कमी होत गेला, मग पाणी जागच्या जागी थांबलं आणि थोड्या वेळानं जुन्या वाड्याचा दरवाजा लागावा तसा आवाज करत दार बसलं. बाबा ते सगळं उकिडवे बसून बघत होते. "कुणी केलं असंल हे पहिल्यांदा?" एवढंच म्हणाले.

पक्षी भरपूर. गायबगळे, खंड्या, टिटव्या, डोक्यावर ब्राह्मणी घार. पक्ष्यांसाठीच जायचं असेल तर शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली अभयारण्य आहे. मधनंच कोकण रेल्वेची गाडी बेटावरनं धडधडत जाते, पण इथं थांबत नाही. ती गेली की शांतता पहिल्यापेक्षा जास्त जाणवते.

या शांततेबद्दल मला माझ्याच लोकांशी बोलायचं आहे. दोन वर्षांमागं याच धक्क्यावर केए २२, म्हणजे आमच्या बेळगावच्याच, पाटीच्या तीन गाड्या उतरल्या. डिकी उघडी, स्पीकर मोठ्यानं, बाटल्या बांधावर. एका घराच्या ओट्यावर म्हातारे गृहस्थ तांदूळ निवडत बसले होते, ते सूप घेऊन मुकाट्यानं आत गेले आणि दार लावून घेतलं. मला फार लाज वाटली. आपल्या गावात, सुगीच्या दिवसांत, आपल्या खळ्यावर कुणी असं केलं तर आपण चालवून घेऊ का? म्हणून म्हणतो, गाडी अलीकडंच ठेवा. बेट एवढंच आहे, पाय पुरतात. पुढं कधी पूल व्हावा की नाही, हा तिथल्या लोकांचा प्रश्न. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन बोटीची वाट बघत बसावं लागतं त्यांना, आपल्याला नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच, की पाहुण्यासारखं जायचं.

दुसरं बोलणं पाण्याचं. इकडं ते सोपं नाही, मला कल्पना आहे. २०१८ साली लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, नंतर राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. हुबळी-धारवाडच्या माणसालाही तहान आहे, ती खोटी नाही. पण पावसाळा सरला की समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर नदीत वर चढतं आणि त्याला मागं रेटतं ते वरनं येणारं गोडं पाणी. ते गोडं पाणी आमच्या जंगलातनं येतं. कागदावरच्या आकड्यांत खाजनाची ती माती दिसत नाही. म्हणून मला मनापासून वाटतं, या नदीवर बोलणाऱ्या प्रत्येकानं, मग तो कुठल्याही राज्याचा, कुठल्याही पक्षाचा असो, थंडीतला एक दिवस भीमगडच्या पायथ्याशी चालावं आणि एक दिवस दिवाडीच्या बांधावर.

येताना कणकुंबीला थांबलो. कळसा नाल्याच्या बाजूला म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवायच्या कालव्यासाठी खोदलेली लांबलचक चर आहे, तिच्या कडेला बाबा उतरले. अंधार पडायला आला होता, गारठा वाढला होता. तिथलीही चिमूटभर माती त्यांनी उचलली आणि जिभेला लावली.

"गोड हाय," म्हणाले आणि कानटोपी घालून गाडीत बसले.