रोजचा घाट

"रोज पुणे-मुंबई? कंटाळा नाही येत?" कुठल्याही लग्नकार्यात गेलं की हा प्रश्न ठरलेला. खरं सांगू? दमायला होतं. गाडी लेट झाली की जीव मेटाकुटीला येतो, पावसाळ्यात दरड कोसळली की घरचं-दारचं सगळंच कोलमडतं. पण कंटाळा नाही येत.

कारण कर्जत ते लोणावळ्याचा घाट. संध्याकाळी डेक्कन क्वीन कर्जतला थांबते. पुढचा चढ असा उभा, की ३७ फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर आलेली असते. पुढच्या एकट्या इंजिनाचं ते काम नाही, म्हणून मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं लावतात. ती जोडली गेली की डब्याला मागून हलकासा धक्का बसतो. तोवर खिडकीशी वडापाव आलेला असतो. कागदावर तेलाचा डाग पसरत चाललेला, वडा बोटांना चटका देणारा. दिवसभराचं ऑफिस तिथं डोक्यातून उतरतं.

आनंदासाठी मुद्दाम कुठंतरी जावं लागतं, असं आपण धरूनच चाललोय. जुलैत शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाड्यांच्या रांगा लागतात, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांना सुट्टीच तेव्हा मिळते. पण एका दिवसात घाट कितीसा कळणार? उन्हाळा लागताना निष्पर्ण फांद्यांवर पांगारा लालभडक फुलतो. मे महिन्यात करवंदं येतात, पानांच्या द्रोणातली. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की काळ्या कातळावरून आधी नुसती एक ओली रेघ उतरते, आणि बघता बघता तिचा धबधबा होतो. धबधब्याचे फोटो सगळेच काढतात हो, पण ती रेघ फक्त रोजच्या माणसाला दिसते! सवयीनं गोष्टींची चव जाते म्हणतात. माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. रोज बघते म्हणूनच काल काय नव्हतं ते आज दिसतं. हिवाळ्यात संध्याकाळी बाहेर अंधार असतो, तेव्हा सकाळच्या धुक्यावर भागवायचं.

आणि आमचा बायकांचा पासाचा डबा! दसऱ्याला झेंडूच्या माळा, संक्रांतीला तिळगूळ. १९३० साली १ जूनला ही गाडी सुरू झाली, म्हणून दरवर्षी त्या दिवशी तिचा वाढदिवस, केक कापून. मटारच्या दिवसांत कुणीतरी पिशवी उघडते आणि शेजारपाजारचे सगळे हात आपोआप शेंगा सोलायला लागतात. लोणावळा यायच्या आत पातेलंभर दाणे तयार. त्या अर्ध्या तासात पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, नवीन साहेब, सगळं बोलून होतं आणि माणूस हलका होऊन घरी जातो.

आमच्यातल्या एक ताई नुकत्याच निवृत्त झाल्या. पासाचे थोडे दिवस उरले होते. मुंबईत काही काम नसताना त्या आल्या, नातवाचं तिकीट काढून त्यालाही घेऊन आल्या. येताना कर्जतला त्याला वडापाव दिला, आणि घाटभर त्याला बोगदे मोजायला लावले.